बैठक मोडताना





मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारी फार थोडी माणसं पडून-धडपडून आलेली असतात. बहुतेकांचं सांगणं असं की, काही झालेलं नाही, काही जड उचललेलं नाही, पण अंग धरलंय. सकाळी अंथरुणातून उठताना कंबर सरळ होत नाही. मान वळवायची तर अख्खं धड वळवावं लागतं. वाकून चपलेचा पट्टा लावताना मांडीच्या मागे ओढ बसते. वय विचारावं तर तिशी-पस्तिशी. दिवस कसा जातो असं विचारावं, तर बसून.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बसणं हा आजार नाही. वाकडं बसणं हाही आपण समजतो तेवढा मोठा गुन्हा नाही. अंग आखडतं ते एकाच बैठकीत तासन्‌तास राहिल्याने, आणि त्यावरचा उपाय जेवढा व्यायामात आहे त्याहून अधिक आपल्या कामाच्या मांडणीत आहे.

सुरुवात आपल्याच, चेन्नईतल्या मराठी माणसांपासून करतो. सौकारपेटेत एन. एस. सी. बोस रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत गेलात, तर सराफी पेढ्यांच्या आडोशाला लहान लहान खोल्यांतून सोन्याचांदीच्या भट्ट्या दिसतात. पाटीवर तमिळ आणि इंग्रजी अक्षरं, आतलं बोलणं मात्र खानापूर-आटपाडीकडचं. विटा, आटपाडी, तासगाव, खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यामागे देशभर गेली. चेन्नई, कोइम्बतूर, मदुराई, थेट केरळपर्यंत पोचली. सोनाराकडचे तुकडे, मोडीचे दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात चांदी-तांबं विरघळवून वेगळं करायचं आणि शुद्ध सोनं मालकाला परत द्यायचं. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरचा हा धंदा आहे, तेव्हा त्यातलं कसब मी सांगायला नको. मला सांगायचंय ते त्या कामातल्या नजरेबद्दल. मुशीवरून डोळा हलवता येत नाही. माल दुसऱ्याचा, हिशेब रतीगुंजांचा. जिथे नजर खिळते तिथे मान खिळते, मान खिळली की पाठ खिळते आणि मग सगळं अंग त्या एका बिंदूभोवती गोठून बसतं.

हाच प्रकार मी शहराच्या दुसऱ्या टोकाला पाहतो. तारामणीला २००० साली टायडल पार्क उभं राहिलं आणि तिथून दक्षिणेला, ज्याला आपण ओएमआर म्हणतो त्या राजीव गांधी सालैवर, सिरुसेरीपर्यंत सॉफ्टवेअर कंपन्यांची रांग लागली. पुणे, नाशिक, कोल्हापूरची मुलंमुली तिथे कामाला आहेत. त्यांच्यापुढे मूस नसते, पडदा असतो. खिळणं तेच. खुर्ची चांगली महागाची, पाठीला आधार देणारी, उंची कमीजास्त होणारी. तरी अंग आखडतं, आणि मग प्रत्येक जण विचारतो, खुर्ची बदलू का?

एक फरक मला वर्षानुवर्षं जाणवत आलाय. जमिनीलगत बसून काम करणारा गलाईवाला मधूनच मांडी मोडतो, एक गुडघा उभा करतो, उकिडवा होतो, परत मांडी घालतो. त्याचे खुबे आणि घोटे पुष्कळ मोकळे असतात. आखडते ती मान आणि खांद्यांमधली पाठ. खुर्चीवरच्या मुलाचं मानेपासून खुब्यापर्यंत सगळंच बांधल्यासारखं झालेलं असतं. त्याला जमिनीवर बसा म्हटलं तर गुडघे हवेत राहतात. हा माझ्या टेबलावरचा अनुभव आहे, मोजून काढलेला निष्कर्ष नव्हे. पण पुढे जे सांगणार आहे त्याच्याशी तो जुळतो.

शरीरात नेमकं काय होतं? इथे जरा रेंगाळू, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत.

पहिली गोष्ट स्नायूंची. स्नायू निवांत पडलेला असला, तरी त्याच्या आतल्या प्रथिनांच्या तंतूंमध्ये बारीक, दुबळे बंध धरत जातात. जितका वेळ तो हलत नाही तितकं हे धरणं वाढतं, आणि पहिल्या हालचालीला विरोध होतो. घट्ट लागलेलं दही रवी फिरवताच सैल होतं, तसे हे बंध पहिल्या काही हालचालींत सुटतात. सिनेमा संपल्यावर पहिली चार पावलं अवघडल्यासारखी पडतात आणि दारापर्यंत पोचेस्तोवर चाल सुधारते, त्याचं एक कारण हे. थंडीत हे अधिक जाणवतं. चेन्नईत थंडी नसते, पण दिवसभर गार हवेच्या झोताखाली बसणाऱ्यांना जाणवतं. झोपेतून उठल्यावर आपण न शिकता आळोखेपिळोखे देतो, मांजर-कुत्रीही देतात. शरीराने स्वतःच शोधलेला हा इलाज आहे. कचेरीत तो असभ्य ठरवला गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट कण्याच्या अस्थिबंधांची, म्हणजे मणक्यांना मागून बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांची. आपण पोक काढून, कंबर मागे गोल करून बसलो की पाठीचे स्नायू काम सोडतात आणि भार या पट्ट्यांवर येतो. भार सतत राहिला की त्या हळूहळू ताणत जातात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल आणि ब्राउन यांनी १९९२ साली याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. माणसांना २० मिनिटं पूर्ण वाकून बसवलं आणि मग कण्याचा मूळचा कणखरपणा किती वेळात परत येतो ते पाहिलं. पहिल्या दोन मिनिटांत निम्मा परत आला. अर्ध्या तासानंतरही पूर्ण आलेला नव्हता. यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बराच वेळ पोक काढून बसल्यानंतर लगेच जड उचलू नका. सणाला गावी जाताना आपण रात्रभर गाडीत वाकडेतिकडे बसतो आणि स्टेशन आलं की बाकाखालची बोजड बॅग हिसडा मारून ओढतो. उसण भरते ती बहुधा अशा वेळी. आधी उभे राहा, दोनदा मागे झुका, थोडं चाला, आणि मग बॅगेला हात घाला.

तिसरी गोष्ट चकतीची. दोन मणक्यांमधल्या चकतीला मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचं पोषण आजूबाजूच्या हाडांतून झिरपून येतं. भार पडला की तिच्यातलं पाणी बाहेर जातं, भार हलका झाला की आत येतं. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि उभं राहण्यापेक्षा आधाराविना बसण्यात तो जास्त असतो असं दाखवलं. ते आकडे जगभर भिंतींवर लागले. मात्र १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी नव्या साधनाने एका माणसाच्या चकतीत मोजलं, तेव्हा सैल टेकून बसण्यातला दाब उभं राहण्याहून जास्त आढळला नाही. म्हणून मी कुणाला दाबाची भीती घालत नाही. चकतीला भार कमीजास्त होत राहायला हवा. तिला सगळ्यात वाईट जातो तो न बदलणारा भार.

खुब्याच्या पुढच्या स्नायूबद्दल एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: बसून बसून तो आखूड होतो. प्राण्यांचा पाय आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये आखडलेल्या स्थितीत ठेवला तर स्नायूच्या तंतूंचे घटक खरोखर कमी होतात, हे १९७०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं आहे. पण आपण प्लास्टरमध्ये नसतो. जास्त बसणाऱ्या आणि कमी हालचाल करणाऱ्या माणसांचा पाय खुब्यातून मागे कमी जातो असं आढळलंय. तो फरक काही अंशांचा असतो आणि प्रयत्नाने भरून निघतो.

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या टाशा स्टँटन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली जुन्या पाठदुखीच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना आपली पाठ लाकडासारखी ताठ वाटत होती, त्यांची पाठ यंत्राने मोजली तर ती इतरांहून ताठ नव्हती. म्हणजे ताठरपणाची जाणीव ही नुसती सांध्यांची खबर नसते. मेंदू पाठीची राखण करतोय, ‘जपून’ म्हणतोय. रुग्ण खोटं बोलतो असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्याला जे जाणवतं ते खरंच जाणवतं. याचा अर्थ असा की पाठीला हिसकून, दाबून, कडाकड मोडून उपयोग नाही. हालचाल सुरक्षित आहे हे तिला सावकाश, वारंवार पटवावं लागतं. ताण देण्याच्या व्यायामांबद्दलही संशोधन हेच सांगतं. पहिल्या काही आठवड्यांत स्नायूची लांबी फारशी वाढत नाही; ताण सहन करण्याची तयारी वाढते. म्हणून ताण हळू द्यावा, ३० सेकंद श्वास चालू ठेवून टिकवावा, दोनदा करावा, आणि रोज करावा. दात आवळून केलेला ताण वाया जातो.

मी बोलायला लागून २० मिनिटं झाली असतील. मॅकगिलसाहेबांच्या माणसांइतकं आपण सारे बसून झालो आहोत. आता कृपा करून सगळे उभे राहा. ज्यांना उभं राहणं त्रासाचं आहे त्यांनी बसूनच करावं. दोन्ही तळहात कमरेवर ठेवा, बोटं खाली. गुडघे सरळ, आणि नजर पुढे ठेवून कमरेतून हळूच मागे झुका. परत या. असं पाच वेळा. आता दोन्ही हात डोक्यावर नेऊन एक मोठा आळस द्या, अगदी सभ्यता सोडून. मग टाचा उचला, टेकवा, दहा वेळा. बसा.

(या वेळी श्रोत्यांनी उभे राहून वरील हालचाली केल्या.)

एवढ्याने काय होणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. त्यांच्यासाठी लंडनच्या बसची हकिकत सांगतो. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली ‘द लान्सेट’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसचे चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसभर जिना चढत-उतरत. एकच बस, एकच शहर; पण हृदयविकार वाहकांमध्ये कमी. बसण्यावरच्या आधुनिक संशोधनाची सुरुवात तिथून मानतात. आपल्या चेन्नईच्या बसमध्ये वाहकसुद्धा पुष्कळदा मागच्या दाराजवळ आपल्या आसनावर बसलेला असतो आणि पैसे, तिकिटं प्रवाशांच्या हातोहात फिरतात. गर्दीत ती सोय मोठी आहे आणि अनोळखी माणसांमधला तो विश्वास मला आवडतो. पण वाहकाच्या पायांची मात्र चिंता वाटते.

२०१६ साली ‘द लान्सेट’मध्येच उल्फ एकेलुंड यांच्या गटाने दहा लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून दाखवलं की, रोज ८ तासांहून अधिक बसणाऱ्यांनी ६० ते ७५ मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल केली, तर बसण्यामुळे वाढलेला अकाली मृत्यूचा धोका जवळजवळ पुसला जातो. मरीनावर पहाटे झपाझप चालणाऱ्यांना हे ऐकून आनंद होईल, व्हायलाच हवा. पण हा हिशेब आयुर्मानाचा आहे, अंग मोकळं राहण्याचा नाही. पहाटे तासभर चालून पुढे दहा तास खुर्चीला चिकटलेला माणूस माझ्याकडे येतोच. चालण्यात खुबा पूर्ण वाकत नाही, खांदे वर जात नाहीत, पाठ मागे झुकत नाही.

मग जास्त बसणारी पण धडधाकट राहणारी माणसं आहेत का? आहेत. टांझानियातले हाद्झा लोक आजही शिकार आणि कंदमुळांवर जगतात. डेव्हिड रायक्लन आणि सहकाऱ्यांनी त्यांना यंत्रं बांधून २०२० साली जे प्रसिद्ध केलं ते वाचून मी थक्क झालो. ते लोक दिवसाचे सुमारे दहा तास विसाव्यात घालवतात, जवळजवळ शहरी माणसाइतकेच! फरक बसण्याच्या तऱ्हेत आहे. ते उकिडवे बसतात, गुडघ्यांवर बसतात, आणि त्या बैठकीत पायांचे स्नायू थोडंथोडं काम करत राहतात. खुर्चीत स्नायू सुट्टीवर जातात.

ब्राझीलचे क्लाउडिओ गिल अराउजो यांनी याला एक चाचणीच जोडली. जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि उठायचं, हात, गुडघा, कोपर कशाचाही शक्यतो आधार न घेता. बसण्याला ५ गुण, उठण्याला ५, आणि प्रत्येक आधारामागे एक गुण वजा. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांवरचा त्यांचा अभ्यास २०१२ साली आला. कमी गुणवाल्यांत पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं. गुण कमी म्हणून माणूस दगावला, असं नाही. ताकद, तोल आणि लवचिकपणा तिन्ही एकदम ओसरल्याची ती खूण आहे. पाटावर जेवणाऱ्या आपल्या आजीची ही परीक्षा दिवसातून अनेकदा होत असे. जेवणाचं टेबल आलं आणि ती बंद झाली.

यावरून सगळ्यांनी जमिनीवर बसावं, असा आदेश मी देणार नाही. बीजिंगमधल्या वृद्धांच्या एका अभ्यासात, तरुणपणी रोज कित्येक तास उकिडवे बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त दिसली आहे. जमीनही काही पवित्र नाही. तिथेही खिळून बसलं की त्रास होतो. मार्गळीच्या हंगामात इथल्या सभांमधून कर्नाटक संगीताचे कलावंत दोन-अडीच तास मांडी घालून बसतात. मृदंगवादकाची कंबर, व्हायोलिनवादकाची मान यांच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत. कला थोर आणि बैठक पारंपरिक, म्हणून शरीर सूट देत नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळतो. आज गलाईवाले ज्या आटपाडीतून येतात ती आटपाडी औंध संस्थानात होती. औंध गाव खटाव तालुक्यातलं. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. ते स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींकडून घालून घेत. त्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली, आणि १९३८ साली लंडनमध्ये ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ या नावाने त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. म्हणजे सौकारपेटेत भट्टीपुढे बसलेल्या आटपाडीच्या मुलाचे पणजोबा शाळेत गेले असतील, तर त्यांनी नमस्कार घातलेच असणार. अंग मोकळं ठेवण्याची विद्या या मुलाच्या गावाला एके काळी शाळेत मिळत होती.

सूर्यनमस्काराकडे मी भक्तीने पाहत नाही, माझ्या शास्त्राच्या नजरेने पाहतो. खुर्ची काय करते? खुबा आणि गुडघा काटकोनात, पाठ गोल, हात पुढे, मान पुढे. नमस्कारात हात वर जातात आणि पाठ मागे झुकते. ओणवं झाल्यावर मांडीची मागची बाजू लांबते. एक पाय मागे टाकला की त्या बाजूचा खुबा पुढून उघडतो आणि दुसरा पूर्ण मिटतो. भुजंगासनात छाती वर येते, पर्वतासनात टाचा जमिनीकडे जाऊन पोटऱ्या ताणल्या जातात. खुर्ची शरीराला ज्या दिशांना दिवसभर जाऊच देत नाही, त्यातल्या बहुतेक सगळ्या पाच मिनिटांत येऊन जातात. कमी आहे ती पिळाची. नमस्कारात कणा डावी-उजवीकडे वळत नाही. म्हणून शेवटी वक्रासन दोन्ही बाजूंनी करावं. आणि मांडी घालून थोडा वेळ बसावं, म्हणजे खुबा बाहेरच्या बाजूलाही फिरतो. सहा नमस्कार सावकाश घातलेले, घाईच्या पंचवीसांपेक्षा या कामासाठी चांगले.

याच काळात म्हैसूरला, जगनमोहन राजवाड्यातल्या योगशाळेत टी. कृष्णम्माचार्य शिकवत होते. त्यांचे मेहुणे बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्याला आले आणि पुण्याचेच झाले. पट्टे, दोर, लाकडी ठोकळे, घडीच्या खुर्च्या घेऊन त्यांनी आखडलेल्या माणसांना आसनं शक्य करून दिली. पुणेकरांना हे ठाऊक आहे. चेन्नईकरांना दुसरा अर्धा भाग ठाऊक असायला हवा. खुद्द कृष्णम्माचार्य १९५२ साली मद्रासला आले आणि १९८९ साली, वयाची शंभरी गाठून, इथेच वारले. म्हैसूरच्या तरुण पोरांना कसरतीसारखी आसनं शिकवणारा हा गुरू मद्रासला आल्यावर बदलला, असं मला वाटतं. इथे त्यांच्याकडे नोकरदार, वकील, आजारी, वृद्ध माणसं येऊ लागली. माणसाने आसनाच्या मापात बसायचं नाही, आसन माणसाच्या मापाचं करायचं, हा विचार इथे पक्का झाला. त्यांचे चिरंजीव टी. के. व्ही. देसिकाचार शिक्षणाने इंजिनिअर. त्यांनी १९७६ साली या शहरात कृष्णम्माचार्य योग मंदिरम्‌ सुरू केलं.

त्यांच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी मी रोज वापरतो. एक म्हणजे हालचाल श्वासाच्या गतीने करायची. श्वास जिथे अडतो तिथे ताण जास्त झाला, एवढी साधी मोजपट्टी. दुसरी प्रतिक्रिया. एका दिशेला शरीर नेलं की त्याची परतफेड करणारी हलकी हालचाल लगेच करायची. कृष्णम्माचार्यांनी ही प्रतिक्रिया आसनासाठी सांगितली. मी म्हणतो, ऑफिसची खुर्ची हेही एक आसनच आहे, तास-तासभर धरून ठेवलेलं. त्याची प्रतिक्रिया कोण करणार? वयाच्या ९६व्या वर्षी पडून कृष्णम्माचार्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि अंथरुणावर करता येईल असा अभ्यास स्वतःसाठी बसवला. शस्त्रक्रिया नाकारण्याचा भाग कुणी गिरवू नये. आज खुबा मोडलेल्या वृद्धाला लवकर शस्त्रक्रिया करून दुसऱ्या दिवशी उभं करणं हाच योग्य मार्ग आहे. पण पडून राहण्यातही हालचाल शोधायची, ही त्यांची वृत्ती मला माझ्या प्रत्येक रुग्णात हवी असते.

आता थोडं कायद्याविषयी. टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवर, साड्यांच्या मोठमोठ्या दुकानांत आपण खरेदी केली आहे. आपण गादीवर बसून साड्या पाहतो आणि दाखवणारी मुलगी उभी असते, सकाळपासून रात्रीपर्यंत. तिच्या पायांच्या शिरा फुगतात, टाचा दुखतात, संध्याकाळी घोटे सुजतात. तिला बसायला मनाई होती. केरळात कोळिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी यावर आवाज उठवला आणि २०१८ साली त्या राज्याने कायदा बदलला. तमिळनाडूने २०२१ साली आपल्या १९४७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २२-अ हे कलम घातलं. कामगारांना बसायची सोय आणि कामातून फुरसत मिळेल तेव्हा बसण्याची मोकळीक देणं मालकावर बंधनकारक झालं. स्टूल आलं तरी बसू दिलं जातं का, हे ग्राहकानेही पाहायला हवं. मी दुकानात गेलो की सांगतो, ताई, बसून दाखवा, मला घाई नाही.

या कायद्याकडे मी आजच्या विषयाचा भाग म्हणूनच पाहतो. टी. नगरच्या मुलीला बसता येत नव्हतं, ओएमआरच्या मुलाला उठता येत नाही. त्याला कुणी अडवत नाही, असं म्हणाल. पण सकाळी दहा ते दीड सलग मीटिंगा लावलेल्या असतात, जागेवरून उठला तर पडद्यावर त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका जातो, आणि वरिष्ठ ते पाहत असतो. शरीराला स्थिती बदलायची मुभा मिळणं हा कामाच्या अटींचा प्रश्न आहे. एकेकट्याच्या शिस्तीवर तो सोडून चालणार नाही. इथे काही जण कंपन्यांत वरच्या जागांवर आहेत. तुम्ही मीटिंग ६०ऐवजी ५० मिनिटांची करा, फोनवरच्या चर्चा चालत-चालत करायला सांगा, आणि पहिल्यांदा तुम्ही स्वतः उठा. हाताखालच्या माणसाला उठायला त्याशिवाय धीर होत नाही.

घरी काय करायचं ते थोडक्यात. अर्ध्या तासाने एकदा उठायचं, मिनिटभरासाठी का होईना. पाण्याची बाटली लहान ठेवा, म्हणजे भरायला उठावं लागेल. उठल्यावर मघाचं मागे झुकणं, आणि दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती पुढे नेणं. संध्याकाळी टीव्ही सोफ्यावरून न पाहता सतरंजीवर बसून पाहा. बैठक आपोआप दर थोड्या वेळाने बदलावी लागते, तोच फायदा. खिडकीचे गज धरून उकिडवं बसायचा सराव करा, टाचा टेकत नसतील तर खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. गुडघा सुजलेला असेल किंवा बदललेला असेल त्यांनी हे करू नये. त्यांनी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठबस करावी, सुरुवातीला उंच खुर्चीवरून. आणि शेवटी सहा नमस्कार.

काही वेळा ताठरपणा बसण्याचा नसतो, ते ओळखायला हवं. चाळिशीच्या आतल्या माणसाला महिनोन्‌महिने सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ आखडलेली राहत असेल, विश्रांतीने वाढत असेल, हालचालीने कमी होत असेल आणि पहाटे दुखण्याने जाग येत असेल, तर तो मणक्यांच्या सांध्यांचा दाह असू शकतो. त्याला संधिवाताच्या डॉक्टरांचं औषध लागतं आणि उशीर केला तर कणा कायमचा जखडतो. पायातली ताकद जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, लघवीवरचा ताबा सुटणं यांत एक दिवसही थांबू नये. पाठदुखीबरोबर ताप किंवा वजन घटणं असेल तरी दाखवावं. लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर ती चोळू नका. शिरेत गुठळी झालेली असू शकते. सरळ रुग्णालयात जा.

सौकारपेटेतल्या मालक मंडळींना माझी एक विनंती आहे. भट्टीचं काम जमिनीलगतच करावं लागत असेल, पण वजन करणं, हिशेब लिहिणं, माल बांधणं ही कामं उभ्याने करता येतील एवढ्या उंचीची एक फळी भिंतीला ठोकून घ्या. गावाकडून नवीन आलेल्या पोराला दिवसभर एकाच कामावर न बसवता तासातासाने या दोन जागांवर अदलाबदल करू द्या. तेजाबाच्या वाफेपासूनही त्याला तेवढीच मोकळीक मिळेल. या मंडळाच्या सभागृहात रविवारी सकाळी जागा मिळाली, तर त्या मुलांना आणि ओएमआरच्या मुलामुलींना एकत्र बसवून, म्हणजे उभं करून, नमस्कार आणि उठबस शिकवायला मी यायला तयार आहे. अध्यक्षांनी आत्ताच मान डोलावली आहे. नावं व्याख्यानानंतर दारापाशी घेतली जातील.